समुद्रात रसायन सांडले तर पहिल्या तासात तिथे कोण जाणार? राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, मुंबई

माहितीसाठी: महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई बंदर प्राधिकरण, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, भारतीय तटरक्षक दल (पश्चिम विभाग), किनारपट्टीच्या जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी

विषय: समुद्रातील रसायनगळतीसाठी बचाव पथकांचे प्रशिक्षण

महोदय,

9 जून 2025 रोजी केरळच्या किनाऱ्यासमोर पेटलेले ‘वान हाय 503’ हे कंटेनर जहाज कोलंबोहून न्हावा शेवाला निघाले होते. त्यावर 1754 कंटेनर होते आणि त्यांतल्या दीडशेच्या आसपास कंटेनरांत धोकादायक माल होता. 22 खलाशांपैकी 18 वाचले, चौघे बेपत्ता झाले. तीच आग एक-दीड दिवस उशिरा लागली असती, तर धुराचा लोट रायगडच्या किनाऱ्यावरून दिसला असता. त्याआधी पंधरवडाभर, 25 मे रोजी, ‘एमएससी एल्सा 3’ कोचीसमोर बुडाले. त्यावर 640 कंटेनर होते. 13 कंटेनरांत धोकादायक माल होता आणि त्यांतल्या 12 मध्ये कॅल्शियम कार्बाइड.

तेव्हापासून एक प्रश्न आम्ही बंदरातल्या, अग्निशमनातल्या आणि रासायनिक साठवणीच्या कामातल्या माणसांना विचारत आहोत. असे जहाज उद्या प्राँग्स दीपस्तंभासमोर कलंडले, तर पहिल्या तासात जी बोट तिकडे जाईल, तिच्यावरच्या माणसांना काय शिकवलेले असेल? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते: तेलगळतीचे प्रशिक्षण झाले आहे.

तेलाचे प्रशिक्षण चांगलेच झाले आहे, यात शंका नाही. तटरक्षक दलाची प्रदूषण नियंत्रण जहाजे आहेत, ‘नॅटपोलरेक्स’ हा राष्ट्रीय सराव होतो, बंदरांकडे बूम (द्रव अडवणारे तरंगते अडथळे) आणि स्किमर (पाण्यावरचे तेल ओढून घेणारी यंत्रे) आहेत. पण 1996 पासून ज्या राष्ट्रीय आराखड्यावर हे सगळे उभे आहे, त्याच्या नावातच ‘तेलगळती’ आहे. जमिनीवरच्या रसायनांसाठी 1989 आणि 1996 चे नियम आहेत, जिल्हा संकट गट आहेत, कारखान्यांचे आपत्कालीन आराखडे आहेत. त्यांचे काम किनाऱ्यापाशी थांबते. त्या किनाऱ्याच्या पुढे आणि तेलाच्या आराखड्याच्या बाहेर जे उरते, त्या पट्ट्यासाठी हे पत्र आहे.

तेल दिसते, वास देते आणि बहुतेक वेळ पाण्यावरच राहते. म्हणून तेलाच्या प्रशिक्षणातली पहिली प्रतिक्रिया ‘जवळ जा, अडवा, गोळा करा’ ही असते. रसायनाच्या बाबतीत हीच प्रतिक्रिया जीव घेते. रसायन समुद्रात पडल्यावर काय करते, यावरून त्याचे पाच मूळ स्वभाव धरतात: वायू होऊन पसरणारे, पाण्यावरून उडून जाणारे, तरंगणारे, विरघळणारे आणि बुडणारे. त्यांच्या मिश्रणातून एकूण 12 गट होतात. द्रवरूप अमोनिया विरघळतोही आणि वायूही होतो. स्टायरिन तरंगते आणि हळूहळू उडते. मिथेनॉल विरघळते, थोडे उडते, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. डांबराचे जड तेल तळाशी बसते.

हे फळ्यावर शिकवून डोक्यात बसत नाही. त्यासाठी 60 लिटरची काचेची टाकी, समुद्राचे पाणी आणि किराणा दुकानातल्या चार वस्तू पुरतात. 200 मिलिलिटर गोडेतेल ओतले की ते वर पसरते. काकवी ओतली की ती सरळ तळाशी जाऊन चादरीसारखी पसरते आणि तासाभराने तिच्या कडा पुसट होऊ लागतात, म्हणजे बुडणारे रसायनही पुढे विरघळू शकते हे समोरच दिसते. खाण्याचा रंग घातलेले मिठाचे पाणी तळाकडे उतरत मिसळते. शेवटी बिनरंगाचे स्पिरिट ओतायचे. पाणी होते तसेच दिसते. आता जवानांना विचारायचे: यात बूम कुठे टाकणार? अर्ध्या तासाच्या या प्रयोगाने जे कळते, ते दिवसभर स्लाइड दाखवून कळत नाही.

बूमबद्दल आणखी एक गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला पाठ हवी. पाण्याचा वेग बूमला काटकोनात 0.7 नॉटच्या वर गेला की तरंगणारा द्रव खालून निसटू लागतो. मुंबई बंदराच्या खाडीत उधाणाच्या ओहोटीला प्रवाह दोन नॉटच्या पुढे जातो. तिथे बूम आडवा टाकून उपयोग नाही, प्रवाहाला तिरका लावून द्रव कडेला न्यावा लागतो. हे तेलवाल्यांना माहीत आहे. त्यांना सहसा शिकवलेले नसते ते हे, की बेन्झीनसारखे पटकन पेट घेणारे द्रव बूममध्ये मुळीच गोळा करायचे नसते. पसरू दिले तर ते पातळ होऊन उडून जाते. अडवले तर थर जाड होतो, वर वाफेचा ढग साचतो आणि त्या ढगात पहिली ठिणगी बूम ओढणाऱ्या बोटीचीच पडते.

म्हणून प्रशिक्षणाचा पहिला धडा ओळख पटवण्याचा हवा, आणि तोही लांबून. कंटेनरवरच्या धोक्याच्या चौकोनी फलकाची बाजू 250 मिलिमीटर असते, यूएन क्रमांकाचे, म्हणजे पदार्थाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, आकडे किमान 65 मिलिमीटर उंच असतात. चांगल्या दुर्बिणीतून किंवा ड्रोनच्या कॅमेऱ्यातून ते सुरक्षित अंतरावरून वाचता येतात. हे फलक समुद्राच्या पाण्यात तीन महिने राहिले तरी वाचता यावेत, अशी आयएमडीजी संहितेची (समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांची) अट आहे. म्हणजे किनाऱ्याला लागलेल्या कंटेनरवर फलक नसला, तर तो धुऊन गेला असेल असे धरून चालू नये. जळून गेला, खरवडला गेला किंवा कधी लावलाच नव्हता, यांपैकी काही असू शकते. शिवाय कंटेनरवर यूएन क्रमांक लिहिण्याची सक्ती पॅकबंद मालासाठी तेव्हाच असते, जेव्हा एकाच पदार्थाचा 4000 किलोहून जास्त माल आत असतो. त्यामुळे मिश्र मालाच्या कंटेनरवर नुसते चित्र असते, क्रमांक नसतो.

तिथे कागद लागतो. धोकादायक मालाची यादी आणि मालाच्या जागांचा नकाशा बंदराकडे जहाज येण्याआधीच आलेला असतो. तो वाचता येणारा माणूस पथकात हवा. 250482 असा सहा आकडी क्रमांक दिसला, तर 25 हा पुढून मागे मोजलेला बे (जहाजाचा आडवा कप्पा), 04 म्हणजे मधल्या रेषेपासून डावीकडची दुसरी रांग, आणि 82 म्हणजे डेकवरचा सगळ्यात खालचा थर. शेवटचे दोन आकडे 02, 04 असे लहान असले तर कंटेनर डेकच्या खाली, होल्डमध्ये आहे. प्रशिक्षणात प्रत्येकाच्या हातात एका जहाजाचा नकाशा आणि यादी द्यावी आणि विचारावे: 4.3 वर्गाचे कंटेनर कुठे आहेत, आणि त्यांच्या शेजारी काय आहे? दहा मिनिटांत उत्तर आले पाहिजे. हा सराव फुकट होतो. तरी तो आम्ही कुठल्याही रंगीत तालमीत पाहिलेला नाही.

4.3 हे उदाहरण मुद्दाम घेतले. पाण्याशी भिडले की पेटणारा वायू सोडणाऱ्या पदार्थांचा हा वर्ग. त्याचा फलक निळा असतो, त्यावर ज्वाळा आणि खाली 4 चा आकडा. ‘एल्सा’वरचे कॅल्शियम कार्बाइड याच वर्गातले. एका किलोपासून सुमारे 300 लिटर ॲसिटिलीन निघते. 20 टनांच्या एका कंटेनरात पाणी शिरले, तर 60 लाख लिटर वायू होण्याइतका माल तिथे असतो, आणि हवेत अडीच टक्के ॲसिटिलीन झाले की ते पेट घेऊ शकते. अग्निशमन जवानाचा हात सवयीने पाण्याच्या पाइपकडे जातो. निळा फलक दिसला की तो हात थांबला पाहिजे, इतका सराव हवा. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्याही याच वर्गात येतात. ओल लागली की त्यांतून फॉस्फीन निघतो आणि त्या विषावर उतारा नाही.

आता उपकरणांकडे. वायू मोजणारे यंत्र घेतले म्हणजे पथक सज्ज झाले, असा समज पक्का आहे, आणि तो आम्हाला सगळ्यात जास्त घातक वाटतो. ज्वलनशील वायूचा साधा मीटर स्फोटाच्या किमान मर्यादेच्या टक्क्यांत आकडा देतो आणि बहुधा 10 टक्क्यांवर वाजतो. बेन्झीनची ही मर्यादा हवेत 1.2 टक्के, म्हणजे 12,000 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). तिचे 10 टक्के म्हणजे 1200 पीपीएम. माणसाच्या जिवाला तत्काळ धोका मात्र 500 पीपीएमलाच मानला जातो. म्हणजे मीटर गप्प असताना त्याच्यामागे चालणारा माणूस दुप्पट विषारी हवेत उभा असू शकतो.

यावर उपाय म्हणून पीआयडी (अतिनील दिव्याने वाफेचे आयन करून मोजणारे यंत्र) घेतात. त्यात बहुधा 10.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा दिवा असतो. बेन्झीन, टोल्युइन, स्टायरिन, अमोनिया त्याला दिसतात. मिथेनॉल, ॲक्रिलोनायट्राइल आणि क्लोरीन दिसत नाहीत, कारण त्यांचे आयनीभवन त्या दिव्याच्या ऊर्जेत होत नाही. पडद्यावर शून्य येते आणि मागून आवाज येतो, “साहेब, क्लिअर आहे.” त्यात समुद्रावरची दमट हवा आकडा आणखी खाली ओढते आणि दिव्यावर मिठाचा थर बसतो. म्हणून शिकवायचे ते असे: आधी यादीवरून पदार्थ ठरवा, मग त्याला कोणता सेन्सर दिसतो ते बघा, आणि पदार्थ माहीतच नसेल तर शून्याला ‘माहीत नाही’ असे वाचा. क्लोरीनसाठी इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर लागतो. तो न वापरताही दोन-तीन वर्षांत निकामी होतो. रंग बदलणाऱ्या काचेच्या नळ्या स्वस्त आणि भरवशाच्या असतात, पण त्यांचीही मुदत दोन-एक वर्षांची असते आणि त्या थंड जागी ठेवाव्या लागतात. खरेदीच्या निविदेत यंत्र असते. बदली सेन्सर, तपासणीच्या वायूचा सिलिंडर आणि दर वापराआधीची चाचणी त्यात नसते. तिसऱ्या वर्षी कपाटात उरते ते यंत्र दिवा लावते, वाजते, पण मोजत नाही.

श्वसनयंत्राचा हिशेब प्रत्येक जवानाला तोंडपाठ हवा. 6.8 लिटरचा सिलिंडर 300 बारला भरला की 2040 लिटर हवा, हे कागदावरचे गणित. इतक्या दाबाला प्रत्यक्षात हवा त्याहून कमी मावते. हवा संपत आल्याची शिट्टी साधारण 55 बारला वाजते, तिच्या खालची 370 लिटर राखीव, ती हिशेबात धरायचीच नाही. उरले सुमारे 1650 लिटर. हलणाऱ्या डेकवर, बंद सूटमध्ये, उन्हात काम करणारा माणूस मिनिटाला 60 लिटर सहज ओढतो. झाली 27 मिनिटे. त्यातून शिडी चढून कंटेनरपर्यंत जायला 5, परत यायला 5 आणि धुऊन सूट काढेपर्यंत 8 मिनिटे गेली की हातात काम करायला 9 मिनिटे राहतात. सिलिंडरवरच्या पत्रकात ‘45 मिनिटे’ लिहिलेले असते आणि त्या आकड्यावर योजना आखली जाते, तेव्हा माणूस परतीच्या शिडीवर असताना शिट्टी वाजते.

या 9 मिनिटांसाठी माणसे किती लागतात तेही पाहावे. आत दोघे, त्यांना बाहेर काढण्यासाठी तसेच सूट घालून तयार असलेले दोघे, धुण्यासाठी दोघे, हवेचा आणि वेळेचा हिशेब लिहिणारा एक, सुरक्षेवर लक्ष ठेवणारा एक, आणि बोटीचा तांडेल. नऊ माणसे आणि किमान चार वायुरोधक सूट. ज्या पथकाकडे दोन सूट आहेत, त्या पथकाने आत जाऊ नये, असा स्पष्ट लेखी नियम असला पाहिजे. सूटची दाबचाचणी दर वर्षी आणि दर वापरानंतर करायची असते: फुगवून दाब 1650 पास्कलवर आणायचा आणि 6 मिनिटांत तो 300 हून जास्त उतरता कामा नये. घडी घालून ठेवलेल्या सूटची झिप आणि गुडघ्यावरची शिवण सगळ्यात आधी जाते. हातमोजे कोणत्या रसायनाला किती वेळ टिकतात याचा तक्ता सूटच्या पेटीतच हवा, कार्यालयात नको.

आपल्याकडच्या उकाड्याचा विचार परदेशी पुस्तकांत नाही. मे महिन्यातल्या दुपारी या सूटमध्ये माणूस रसायनाआधी उष्म्याने पडतो. आत जाण्याआधी पाणी पाजावे आणि नाडी मोजून लिहावी. बाहेर येऊन विश्रांतीला बसताना नाडी मिनिटाला 110 च्या वर असेल, तर पुढची पाळी एक तृतीयांशाने कमी करावी. हा नियम पाळायचा तर नोंद ठेवणाऱ्याला साहेबापुढेही ‘नाही’ म्हणायचा अधिकार हवा.

आणि ही सगळी तयारी जमिनीवरची झाली. वायुरोधक सूट घातलेला माणूस समुद्रात पडला तर सूटमधली हवा पायांकडे सरकू शकते आणि डोके खाली जाते. आपोआप फुगणारे जीवनजॅकेट सूटच्या आत घातले आणि ते आतच फुगले तर श्वास कोंडतो. हे प्रसंग पहिल्यांदा खाडीत घडायला नकोत. तरणतलावात, पाणबुड्यांच्या देखरेखीखाली, प्रत्येक जवानाने किमान दोनदा पाण्यात पडून वर यायचा सराव केला पाहिजे.

बोटीचेही तसेच. अनेक गस्ती बोटींवर पेट्रोलची आउटबोर्ड इंजिने असतात, म्हणजे ठिणगी सोबत घेऊनच जाणे. डिझेल इंजिन सुरक्षित मानतात, पण पेटणारी वाफ हवेच्या नळीतून आत गेली तर तेही आपोआप वेग घेत सुटते आणि किल्ली फिरवून बंद होत नाही. साधा वॉकीटॉकी आणि खिशातला मोबाइल हेही ठिणगीच. पदार्थ ओळखेपर्यंत बोट वाऱ्याच्या वरच्या अंगाला किमान एक सागरी मैल लांब थांबली पाहिजे, आणि तिचे तोंड बाहेर पडायच्या दिशेला राहिले पाहिजे.

वाऱ्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण इथे आपल्या किनाऱ्याचे ज्ञान पुस्तकापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. दुपारी खारे वारे सुटतात आणि दिशा उलटते. सकाळी नऊला वाऱ्याच्या वर थांबलेली बोट दुपारी एकला वाऱ्याखाली आलेली असते, आणि सकाळी सुरक्षित वाटलेला ढग दुपारी रेवस किंवा मोऱ्याच्या दिशेने येऊ लागतो. शिवाय एकाच जहाजातून सुटलेल्या तीन गोष्टी तीन वाटांनी जातात. वायू पूर्णपणे वाऱ्यासोबत जातो. विरघळलेले रसायन फक्त पाण्याच्या प्रवाहासोबत जाते. तरंगणारा द्रव प्रवाहासोबत जातो आणि वर वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे तीन टक्क्यांनी ढकलला जातो. दुपारची ओहोटी आणि खारे वारे एकत्र आले की वायू गावाकडे येतो आणि विरघळलेला माल बाहेर समुद्राकडे जातो. हे शिकवायला महागडे संगणक मॉडेल नंतर घ्या. आधी ओहोटीला रेवसच्या बाहेर एक पोते साळीच्या लाह्या आणि सोबत फ्लुरोसीनचा हिरवा रंग पाण्यात सोडा, दोन बोटी त्यांच्यामागे लावा आणि दर 15 मिनिटांनी जागा नकाशावर टिपा. तासाभरात दोन रेषा वेगळ्या होतात. तिथल्या तांडेलाला त्या कुठे जातील हे आधीच सांगता येते. प्रशिक्षक म्हणून त्याला मानधन देऊन बोलवावे.

तालमींच्या वेळेबद्दल आमची तक्रार आहे. त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, शांत समुद्रात, सकाळी दहाला होतात. आता तारखा पाहा. ‘एक्स-प्रेस पर्ल’ कोलंबोसमोर पेटले 20 मे 2021 ला. ‘एल्सा 3’ बुडाले 25 मे ला, ‘वान हाय’ पेटले 9 जूनला. आपल्या दारात ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ यांची टक्कर झाली 7 ऑगस्ट 2010 ला. तीनशेच्या आसपास कंटेनर पाण्यात पडले, 31 कंटेनरांत कीटकनाशके होती आणि बंदराचा जलमार्ग बंद पडला. सगळे अपघात पावसाळ्यात किंवा त्याच्या तोंडावर. त्या दिवसांत वारा सतत जमिनीकडे असतो, ड्रोन उडत नाही, 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदीमुळे मच्छीमार बोटी वर ओढलेल्या असतात आणि डेक पावसाने निसरडा असतो. वर्षातून निदान एक तालीम ऑगस्टमध्ये आणि एक रात्री झाली पाहिजे. समुद्र अगदीच खवळला असेल तर धक्क्याला बांधलेल्या जहाजावर करा, पण पावसात करा.

अंगावरचे आणि सूटवरचे रसायन उतरवण्याला, म्हणजे ‘डिकॉन’ला (डिकंटॅमिनेशन), अजून सोपा मराठी शब्द रुळलेला नाही, आम्ही ‘धुऊन काढणे’ म्हणतो. जमिनीवर त्याला मोकळी जागा असते. टगच्या मागच्या डेकवर जेमतेम चार मीटर मिळतात आणि वारा फिरला की धुण्याची जागाच वाऱ्याखाली येते. दोन उथळ टबे, वाऱ्याच्या दिशेने क्रम, वरून खाली धुणे, पाणी पिंपात गोळा करणे. 4.3 वर्गाचा माल असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडायचे, पाणी नंतर. सूट आतून बाहेर गुंडाळत काढायचा, आणि मास्क उतरवण्याची घाई कोणालाही करू द्यायची नाही. विषबाधा इथेही होते, काम संपल्याच्या आनंदात.

हुकूम कोणाचा चालेल, हे ठरवायलाही शिकावे लागते. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’वर आग लागली, तेव्हा जहाजात सुमारे 1400 टन स्फोटके होती आणि धोक्याचा लाल बावटा लावलेला नव्हता. जहाज बुडवायचे, बाहेर ओढायचे की विझवत राहायचे, याचा निर्णय देणारा एक माणूस दोन तासांत ठरला नाही. 66 अग्निशमन जवान गेले. त्यांच्यासाठी आपण दर वर्षी अग्निशमन सप्ताह पाळतो. 14 जुलै 2010 ला शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन सुटला, तेव्हाही विषबाधा झालेल्यांत मदतीला गेलेले जवान होते. ‘एक्स-प्रेस पर्ल’च्या एका कंटेनरातून नायट्रिक आम्ल गळते आहे हे आग लागण्याच्या नऊ दिवस आधी कळले होते. कतारचे हमाद आणि आपल्या शेजारचे हजिरा, दोन्ही बंदरांनी तो कंटेनर उतरवून घेतला नाही. असा फोन उद्या न्हावा शेवाला आला, तर ‘हो’ म्हणण्यासाठी काय काय लागेल, हे अधिकाऱ्यांनी टेबलावर बसून आधी सोडवलेले असले पाहिजे: कोणता धक्का, कोणती क्रेन, गळता कंटेनर ठेवायला किती टनांची आम्लरोधक टाकी, आणि सही कोणाची.

म्हणून आमची मागणी चार थरांची आहे. पहिला थर एका दिवसाचा आणि मराठीत: सागरी पोलीस, किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती, मच्छीमार सहकारी संस्था, लाँचवाले, बंदराचे वाहतूक नियंत्रक. त्यात फलक ओळखणे, वारा पाहणे, लांब थांबणे आणि 1554 या तटरक्षक दलाच्या मदत क्रमांकावर काय काय सांगायचे, इतकेच. केरळात कंटेनर किनाऱ्याला लागले तेव्हा 200 मीटर लांब राहण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. आपल्या गावांत त्या आधीच पोहोचलेल्या असाव्यात. जाळ्यात आलेला सीलबंद डबा उघडायचा नाही, हे प्रत्येक नाखव्याला माहीत हवे. दुसरा थर पाच दिवसांचा: बंदरांचे अग्निशमन दल, टगचे कर्मचारी, मुंबई आणि किनाऱ्यावरच्या पालिकांचे जवान. उपकरणे, हवेचा हिशेब, धुऊन काढणे, तरणतलाव. तिसरा थर दहा दिवसांचा, फक्त आत जाणाऱ्या पथकांसाठी, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पुण्याजवळील सुदुंबरे इथल्या तुकडीसह आणि तटरक्षक दलासह एकत्र. चौथा दोन दिवसांचा, निर्णय घेणाऱ्यांसाठी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे या विषयाचे दोन नमुना अभ्यासक्रम आहेत, एक प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी आणि एक अधिकाऱ्यांसाठी. त्यांवरून सुरुवात करता येईल, पण ते इंग्रजीत आहेत आणि त्यांत खारे वारे नाहीत. हे प्रशिक्षण दोन वर्षांनी कालबाह्य धरावे आणि बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या जागी येणाऱ्याने साठ दिवसांत ते पूर्ण करावे.

अलिबाग आणि उरणच्या सरकारी रुग्णालयांनाही पहिल्या थरात घ्या. कीटकनाशकाच्या विषबाधेसाठी ॲट्रोपीन आणि प्रॅलिडॉक्सिम एका वेळी किती रुग्णांना पुरेल, हा आकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर असावा.

या सगळ्यात लागणाऱ्या कामाला आम्ही तयार आहोत: मराठी पुस्तिका लिहून देणे, जहाजांचे जुने नकाशे वापरून सराव बनवणे, काचेच्या टाकीचा प्रयोग गावोगाव दाखवणे. पहिली तुकडी येत्या 1 मेपूर्वी बाहेर पडावी आणि ऑगस्टमधली पहिली तालीम पीरपाव जेटीवर, पावसात, न सांगता घ्यावी, ही विनंती. त्या तालमीत यादी वाचायला किती मिनिटे लागली आणि पहिली शिट्टी कोण कुठे असताना वाजली, या दोन नोंदी जाहीर कराव्यात.

आपले,
बंदर सुरक्षा, अग्निशमन आणि रासायनिक साठवण क्षेत्रांत काम करणारे नागरिक
मुंबई, उरण, अलिबाग